ओढ्याकाठची जाड रेघ

तेगवेन प्रॉसरने वेल्समधल्या त्या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं. कुणाला कुठून पत्र येतं आणि कुणाला कुठूनच येत नाही, हे तिला तोंडपाठ. निवृत्तीनंतर पिशवी सुटली, चौकशा काही सुटल्या नाहीत.

त्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये महोत्सव होता. प्रवेश फुकट, त्यामुळे झाडून सगळे आलेले. एकीकडे गाणारी मंडळी घसा साफ करत होती, दुसरीकडे विद्यापीठाने आपलं संशोधन मांडलं होतं. मेरेरिद नावाच्या तरुण संशोधिकेनं भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. घराघराला एकेक ठिपका, नाव कुणाचंच नाही, आणि ठिपक्याठिपक्यांत रेघा.

तेगवेनने चष्मा पुसला आणि नकाशावर बोट ठेवलं. "हे चुकलंय."

"काय चुकलं, बाई?"

"ओढ्याकाठची ही दोन घरं. एक माझं, एक इडवल पॅरीचं. त्याच्या एडक्याने माझे प्रदर्शनासाठी जपलेले लीकचे लांबट कांदे फस्त केले, तेव्हापासून अकरा वर्षं आमची बोलाचाल नाही. आणि गावातली सगळ्यात जाड रेघ तू इथे ओढलीस?"

मेरेरिद गडबडली. "मला नावं सांगता येत नाहीत हो."

"नावं मीच सांगितली. तू रेघेचं सांग."

"आम्ही विचारलं होतं, घरात पडलात तर आधी कुणाला हाक माराल? दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं असेल, तर रेघ जाड."

तेगवेनचे कान तापले. विद्यापीठाचा फॉर्म लांब शहरात जाईल, कोण वाचतंय, म्हणून तिने खरं ते लिहून टाकलं होतं. मागे वळून बघते तर इडवल उभा, हातात अर्धा खाल्लेला केक.

"तुझा डोळा कायम माझ्या दारावर," तो म्हणाला. "मी पडलो की पहिलं तुलाच कळणार. म्हणून लिहिलं."

"मी लिहिलं ते तुझ्याकडे शिडी आहे म्हणून."

"पडल्यावर शिडी कशाला लागते?"

तेगवेनने टेबलावरची बशी उचलून त्याच्यापुढे धरली. "बशी घे आधी. चुरा सांडतोय."

त्याने बशी घेतली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. गाणं संपेपर्यंत दोघं एडक्यावरून भांडत होते. एडका मरून सहा वर्षं झाली होती.

सोमवारी इडवल तिच्या परसाला कुंपण घालायला आला. कुंपण वाकडं झालं, आणि ते किती वाकडं झालंय हे तेगवेनने दिवसभर शेजारी उभं राहून त्याला सांगितलं.