टेबलाखालचं पोतं

आमच्या दुकानात बावीस वर्षं कापड कापणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतल्या मास्तरांना मिळतो तेवढाही मान त्या हाकेत नव्हता. मी तिथे चौदा वर्षं काज-बटण केलं. माझं स्टूल त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर, त्यामुळे त्यांचं सुख-दुःख मला न विचारताच कळायचं. सुख फारसं नव्हतंच म्हणा.

मालकाला आम्ही आपसात चिमटा म्हणायचो. गिऱ्हाईक शिवायला कापड घेऊन येई, तेव्हा चिमटा गोड बोलून गरजेपेक्षा वीतभर जास्तच मागून घेई. मग मास्तरांनी शिवणीच्या आत सोडायचं कापड निम्म्यावर आणायचं, आणि उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत टेबलाखालच्या पोत्यात सरकवायचा. हलकेच खाली सोडायचा आणि पायाने आत ढकलायचा. दोन्ही हात वर दिसत राहिले पाहिजेत, हा चिमट्याचा नियम. पोतं भरलं की त्या तुकड्यांच्या टोप्या आणि पिशव्या शिवून तो विकायचा.

वर्षभराने गिऱ्हाईक परत येई. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचं मूल वाढलेलं. कपडा सैल करायला उसवून बघावं तर आत कापडच नाही. चिमटा चष्मा पुसत म्हणायचा, "काय मास्तर, जरा बघून कापत जा!" गिऱ्हाईक मास्तरांना चार शब्द सुनावून जाई आणि मास्तर मान खाली घालून उभे राहत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला चिमट्यापेक्षा मास्तरांचाच राग यायचा. एकदा तरी कात्री आपटून बोलावं की माणसाने!

बोलायचे ते फक्त डबा खाताना, आणि तेही नोकरी सोडण्याबद्दल. "घरीच टेबल टाकावं म्हणतो." पण घर दीड खोलीचं. टेबल टाकायचं तर अंथरुणाला खिळलेल्या आईची खाट कुठे टाकायची? दुसरा रस्ता मेहुण्याचा. त्याच्या ओळखीने एका इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा मिळत होती. तिथे बसायला खुर्ची होती, आणि मास्तरांच्या पायांच्या शिरा तर उभं राहून राहून दोरीसारख्या फुगलेल्या. "पायांना बरं होईल," ते म्हणाले, "पण हातांनी दिवसभर करू काय? फाटक उघडू?"

तिसरा रस्ता मी काढला. पुलापलीकडे एका बाईंचा शिवणाचा कारखाना होता. माझ्या बहिणीची सून तिथे हेमिंग करायची. बाई शिवणीत दोन बोटं कापड सोडायला लावतात आणि उरलेली चिंधीसुद्धा कपड्याबरोबर परत देतात, असं ती सांगायची. त्यांना कटर हवा होता आणि काज-बटणवालीही. मलाही तिथून सुटायचं होतं, खोटं कशाला बोलू?

मास्तरांनी विचार करण्यात तीन महिने घालवले. "आगीतून फुफाट्यात पडलो तर?"

"मास्तर, निदान चटका तरी नवा लागेल!"

अखेर एका मंगळवारी दोघांनी सुट्टी टाकली. मास्तरांनी दाढ काढायचं सांगितलं. मी सांगितलं, नणदेला बघायला पाहुणे येणार आहेत. नणद पन्नाशीची आहे, पण चिमट्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी गडद निळं कापड पुढे टाकलं. "एका मुलीचा कोट आहे. पोर वाढत्या अंगाची, आत दोन बोटं सोडा. उरेल ते इथेच टेबलावर ठेवा."

मास्तरांनी खडू घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला. काय हात चालत होता! पुन्हा मोजणं नाही की खोडणं नाही. कात्री एकदा लागली ती टोकाला जाऊनच थांबली. बाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघितलंस? याला म्हणतात हात." मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचं कौतुक झालेलं मी चौदा वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

मग बाईंनी कापलेले भाग एकावर एक रचले आणि विचारलं, "उरलेलं कापड कुठे गेलं?"

मास्तरांनी टेबलावर इकडेतिकडे बघितलं. "एवढंच होतं."

बाई खाली वाकल्या. टेबलाखाली, अगदी भिंतीशी, निळा तुकडा पडलेला होता. चांगला हातभर. त्यांनी तो उचलला, मग कोटाच्या पाठीवर खडूच्या रेघेबाहेर दोन बोटं ठेवून बघितली. एकच मावलं.

मास्तरांनी स्वतःच्या पायाकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. "बाई, आईशपथ, मी मुद्दाम नाही केलं."

"मग काय, पाय आपोआप चालला?"

तो आपोआपच चालला होता. पण हे सांगितलं तर पटणार कुणाला?

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एकाच दुकानात ना? तिथे असंच चालतं का?"

एक वाक्य पुरलं असतं. मालक करायला लावतो, हा माणूस चोर नाही, एवढंच. पण पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला: आणि तुम्ही चौदा वर्षं शेजारी बसून काय करत होता?

"मला काय माहीत, बाई. मी काज-बटणवाली. माझी मान खाली असते."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. आपली कात्री फडक्यात गुंडाळली आणि जिना उतरून गेले. बाईंनी मला मात्र थांबवलं, दोन काजं करून घेतली आणि एक तारखेपासून यायला सांगितलं.

मला वाटलं, ते निघून गेले असतील. नव्हते गेले. खाली पायरीवर माझी वाट बघत बसले होते.

"झालं काम?"

"एक तारखेपासून."

"बरं झालं."

अर्धा पूल चालून झाला. मग तेच म्हणाले, "तुम्ही बोलला असतात तर दोघांचंही गेलं असतं. एकाचं तरी झालं." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी चिमट्याने विचारलं, "काढली का दाढ?" आणि ते म्हणाले, "काढली."

याला आता आठ महिने झाले. इथे मला पाठीची खुर्ची आहे, खिडकीचा उजेड आहे. मास्तर अजून तिथेच आहेत. मला माझी लाज वाटते, रोज नाही, पण वाटते. बाईंना सगळं सांगायचं कितीदा ठरवलं. पण सांगायचं म्हटलं की तेव्हा गप्प का बसले होते, हे आधी सांगावं लागेल.

मधल्या काळात दोन कटर आले आणि गेले. गेल्या आठवड्यात बाई कंबर धरून स्वतःच कापत होत्या. मला म्हणाल्या, "अहो, तुमच्या ओळखीत आहे का कुणी? हात थोडा कमी चालला तरी चालेल, पण माणूस प्रामाणिक हवा."

मी सुईत दोरा ओवत म्हटलं, "बघते."