सोजराबाईंची पिवळी आलाबला

गावातलं कुणी दवाखान्यात पडलं की हट्टा गावच्या सोजराबाईंना घरात चैन पडत नसे. खाटेशी जायचं, आजाऱ्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडायची. ही त्यांची आलाबला. माणसाची इडापिडा आपण स्वतःवर घेतो, असा त्यांचा पक्का समज. ती पुढच्या खाटेवर उतरत असेल, हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या दिवशी लेक शिवकन्या वसमतच्या दवाखान्यात बाळंत झाल्याचा फोन आला. फार नवसासायासांनी पाळणा हलला होता. सोजराबाई हळकुंडं घासून साफ करायच्या फिरत्या ढोलावरून तशाच उठल्या, पिवळे हात पदराला पुसले आणि एसटीत चढल्या. नातीला मांडीवर घ्यायचं, एवढं एकच डोक्यात.

पण सवय कुठं जाते? वाटेतल्या खोलीत गावचे तातेराव पाय चिघळून पडलेले. त्यांची आलाबला झाली, सुटलेली पट्टीही बाईंनी सारखी करून दिली. मग शेजारच्या दोघांची. बाळंतिणींच्या खोलीच्या दारात संध्या सिस्टर आडव्या आल्या, तर त्यांचीही.

"मावशी, आधी हात धुवा. लेकरू वजनानं कमी हाय, त्याला काहीबी बाधतंय," सिस्टर म्हणाल्या.

"काहून? हळदीचेच तर हात हायेत. हळद औषध हाय."

सिस्टरनी वाद घातला नाही. बाईंना आल्या वाटेनं मागं नेलं. तातेरावांच्या पट्टीवर पिवळी बोटं. शेजाऱ्यांचे गाल पिवळे. खाटेची दांडी, माठाचं झाकण, दाराची कडी, जिथं बघावं तिथं सोजराबाई हजर.

"तातेरावांच्या जखमेतलं विष बी याच वाटेनं गेलं, मावशी. हळद दिसती, ते दिसत न्हाई."

सोजराबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या गालावर बी हाय, सिस्टर."

सिस्टरना हसू आवरेना. पट्टी बदलायला, गाल पुसायला माणूस पाठवून त्या बाईंसोबत नळावर गेल्या. साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. रंग काही जाईना.

"रंग ऱ्हाऊ द्या, हात निर्मळ झाले," सिस्टर म्हणाल्या आणि बाईंना आत सोडून दुसऱ्या खाटेकडं वळल्या.

शिवकन्येच्या कुशीत मुठीएवढं तोंड बघून सोजराबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं पुसले.

"घे की, आई," शिवकन्येनं लेकरू पुढं केलं.

बाईंनी हात पसरले आणि ते तसेच थांबले. त्यांनी पदराकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. सिस्टरची पाठ होती, कुणाचंच लक्ष नव्हतं.

"थांब माय, आलेच," म्हणत सोजराबाई पुन्हा नळाकडं निघाल्या.