रडणारीने गाडी चालवायची नाही

आयांनो, मावश्यांनो, तुम्ही हे आमच्यापासून लपवून ठेवलंत! पाळी येते हे कुजबुजत का होईना सांगितलंत. बाळंतपणाच्या गोष्टी तर नको तितक्या खुलवून सांगितल्यात. पण पाळी जायच्या आधी काही वर्षं चांगली हसतीखेळती बाई कारण नसताना रडू शकते, घाबरू शकते, आपल्याला वेड लागतंय असं तिला वाटू शकतं, याबद्दल चकार शब्द नाही. मला ते कळलं अमेरिकेत, न्यू जर्सीच्या रूट वन हायवेवर, एका मिनीव्हॅनच्या मागच्या सीटवर.

२००५ची गोष्ट. नोकरी नुकतीच लागली होती आणि मला लायसन्स नव्हतं. वेस्ट विंडसर गावाहून माझ्याच औषध कंपनीत जाणाऱ्या तिघींनी मला कारपूलमध्ये घेतलं. मंगलकाकू नागपूरच्या, स्टॅटिस्टिक्सवाल्या, या सगळ्यातून पार पडलेल्या. रेखामावशी मुंबईची, आयटीतली. आणि शुभाताई पुण्याची, गोळ्यांच्या लॅबमधली केमिस्ट. वयाने तीही काकूच, पण पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "काकू म्हणालीस तर चालत यायचं!"

रोज चौघी बंद गाडीत. ट्रॅफिक हलत नाही, तोंडं हलतात. किस्से साठतात ते असे.

*

एकदा शुभाताई ड्राइव्ह करत होती. रेडिओवर टायरच्या दुकानाची जाहिरात लागली. पावसात बाबा सुखरूप घरी पोचतो, मुलगी धावत दारात येते, बस, इतकंच. शुभाताई ढसाढसा रडायला लागली.

"बाप्पा!" मंगलकाकू म्हणाल्या. "टायर घ्यायचेत का तुला?"

"नाही हो!"

"मग गाडी बाजूला घे अन् चावी दे."

तेव्हापासून नियमच झाला. रडू येतंय असं वाटलं की चावी दुसरीला द्यायची. कुणी "का गं?" विचारायचं नाही. मागच्या सीटवर मात्र रडायला कायम मुभा! कॉलेजात मी स्त्रीमुक्तीवर पानंच्या पानं वाचली होती. इतकी साधी, इतक्या कामाची सोय त्यात कुठे दिसली नव्हती.

*

रेखामावशी रडायची नाही. तिला राग यायचा.

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीची ई-मेल आली. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणात, गुळपोळ्या दरवर्षीप्रमाणे तिच्या नावावर, न विचारता. खाली अध्यक्षांची ओळ: "रेखावहिनींच्या पोळ्यांशिवाय संक्रांत कसली!"

मावशीने रिप्लाय-ऑल केलं. "लाटणं माझं, हात तुमचे. शनिवारी सकाळी या."

सोमवारी गाडीत ती डोकं धरून बसली. "काय झालंय यार मला? मी अशी नव्हते."

मंगलकाकू म्हणाल्या, "राग हॉर्मोन्सचा असेल. मुद्दा तुझाच आहे."

शनिवारी अध्यक्ष खरंच आले. त्यांची पहिली पोळी टर्नपाइक हायवेसारखी लांबच लांब झाली आणि गूळ मधल्याच एका एक्झिटने बाहेर पडला. पुढच्या वर्षीच्या ई-मेलमध्ये प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह होतं!

*

शुभाताईचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. पहाटे छाती धडधडून जाग यायची. मीटिंगमध्ये साधे साधे शब्द सापडायचे नाहीत.

"मी राजीनामा देतेय," एके दिवशी ती म्हणाली. "रिव्ह्यू मीटिंग झाली की बॉसला सांगणार. विनायक पण म्हणतो, घरी बस, योगा कर." विनायक म्हणजे तिचा नवरा.

ही बाई! जिने ती लॅब शून्यातून उभी केली होती! मी पेटलेच. नेटवर वाचलेलं एस्ट्रोजेन हॉर्मोन, मेंदू, समाज, नवरे, सगळं एका दमात काढलं.

"मुक्ता," मंगलकाकू आरशात बघत म्हणाल्या, "भाषण संपलं की सांग. मला लेन बदलायचीय."

पण गाडी पार्क केल्यावर त्याच म्हणाल्या, "ते एस्ट्रोजेनचं शुभाला पुन्हा सांग. जरा हळू."

*

शुभाताई डॉक्टरकडे एकदा जाऊन आली होती. पण विनायकदादांना घेऊन! डॉक्टर विचारणार हिला, उत्तर देणार ते: "शी इज फाइन, जस्ट सेन्सिटिव्ह."

मग मंगलकाकूंनी दुसरी डॉक्टर शोधली आणि शुभाताईला विचारलं. ती "बघू" म्हणाली. काकूंच्या हिशेबात "बघू" म्हणजे "हो". दुसऱ्याच आठवड्यात, ऑफिसचा एक्झिट मागे टाकून, चौघी थेट क्लिनिकच्या दारात.

शुभाताईने आम्हालाही आत नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हाउ आर यू?"

शुभाताई तोंडभर हसली. "आय अ‍ॅम फाइन, थँक यू! अँड यू?"

"शुभा!" काकू गरजल्या. "हे हळदीकुंकू नाहीये!"

मग मात्र शुभाताई बोलायला लागली ती थांबेचना. कधीकधी सकाळी उठूच नये असं वाटतं, हेही बोलली. आम्हाला ते माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटर बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि हळूहळू सगळं विचारून घेतलं. पेरिमेनोपॉज आहे, म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ, सोबत डिप्रेशनही आहे, आणि दोन्हीवर उपचार आहेत, म्हणाल्या. औषध सुरू झालं, काउन्सेलर मिळाली. जादू काही झाली नाही. बऱ्याच सकाळी चावी अजून काकूंकडेच जायची. राजीनाम्याचा बेतही तिने सोडला नव्हता.

*

रिव्ह्यू मीटिंगला मी मागे बसून मिनिट्स लिहीत होते. खोलीत बहुतेक सगळे पुरुष. शुभाताई छान बोलत होती आणि एकदम थांबली. इतकी वर्षं गोळ्या बनवणाऱ्या बाईला "टॅब्लेट" हा शब्द सापडेना! गोळी हातात, शब्द गायब.

एरवी ती "सॉरी" म्हणून खाली बसली असती. आज तिने मार्कर टेबलावर ठेवला.

"मला पेरिमेनोपॉज चालू आहे," ती इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाली. "त्यात शब्द हरवतात. बुद्धी जागेवर आहे. शब्द येईपर्यंत थांबा."

आणि सगळे थांबले!

"टॅब्लेट," शुभाताई म्हणाली, आणि उरलेला सगळा डेटा तिने शेवटपर्यंत नेला.

बॉसने विचारलं, "शुभा, पुढच्या वर्षी हे काम तूच बघणार ना?"

तिने हातातल्या गोळीकडे पाहिलं. मग मान वर केली. "हो. मीच बघणार."

"काही प्रश्न?" तिने सगळ्यांना विचारलं.

मागून एक हात वर आला. क्वालिटीवाला फ्रँक! आकडा दशांश चिन्हानंतर चुकला तरी रिपोर्ट परत पाठवणारा. सगळ्यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. फ्रँकने घसा खाकरला.

"तुमच्या डॉक्टरचं नाव सांगाल? माझी बायको रोज गॅरेजमध्ये गाडीत बसून रडते. मी दोनदा गाडी मेकॅनिकला दाखवून आणली."