डब्यावरची टकटक

रहिमतपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रोज सकाळी ते पान्याने पत्र्याच्या डब्यावर तीनदा टकटक करतात आणि कावळे शेव खायला उतरतात. उशिरा आलेल्याला दटावतात, "कवापासनं बोलवतोय रं? आता चुरा खा!"

माझ्या पत्नीच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. लेकीला अंतर देणार नाही, तुझी झाडं सांभाळीन, अशी सगळी वचनं देऊन झाली. भाऊबंद उन्हात ताटकळले होते. तेवढ्यात मागून तीनदा टकटक ऐकू आली आणि कावळे पिंडावर उतरले. "सुटली बिचारी," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले. मी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. चाकातून मान वर न काढता ते म्हणाले, "आवं सर, तुमच्याकडं बघवंना. माझं चुकलं का?"

तेव्हापासून रोज सकाळी मी गच्चीवर तिच्या आवडीचा दहीभात ठेवतो. कावळे कठड्यावर येऊन बसतात आणि दुकानाकडे बघत राहतात. मी काहीही वाजवत नाही. नुसता उभा राहतो.