उपसेन मास्तरांची मॉरिस विकणे आहे

उपसेन मास्तरांच्या जाहिराती मीच लिहून द्यायचो. कोलंबो-कँडी रस्त्यावरच्या मावनेल्लाच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि रविवारच्या पेपरच्या छोट्या जाहिराती माझ्याकडे घेतल्या जातात. चार वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मास्तर यायचे. छत्री दाराला अडकवायचे आणि उभ्या उभ्या सांगायचे, "निहाल, लिही. मॉरिस मायनर. एकोणीसशे अठ्ठावन्न. राखाडी."

"किंमत गेल्या महिन्याचीच ना, मास्तर?"

"तीच कशी असेल? गाडी महिन्याने जुनी नाही का झाली?"

मी आकडा वाढवून लिहून घ्यायचो. याच माणसाने मला शाळेत शेकडेवारी शिकवली होती, आणि तीही छडीने.

मास्तर निवृत्त झाले आणि पोर्चमधली मॉरिस डोळ्यांवर आली. त्यांच्या नव्हे, त्यांच्या बायकोच्या, सीलावतीबाईंच्या. बाई घरी शिवणाचा वर्ग चालवतात. साडीवरचे ब्लाउज शिवायला शिकायला आठ पोरी यायच्या, आणि पोर्चमध्ये गाडी असल्यामुळे त्यांतल्या तीन पायरीवर बसायच्या. एका दुपारी पावसाची सर आली आणि तिघींचं कापलेलं कापड भिजून लगदा झालं, तेव्हा बाई पोर्चमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, नाकापेक्षा मोती जड झालाय. हा पत्रा आधी विका."

मास्तरांनी संसारात बायकोला 'नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांची पद्धत वेगळी. ते 'हो' म्हणत आणि मग गणित घालत.

"विकतो की," ते म्हणाले. "योग्य किंमत आली की लगेच विकतो."

तेव्हा सरकारने परदेशातून गाड्या आणायला बंदी घातली होती. नवी गाडी येत नाही म्हटल्यावर जुनीला भाव आला, आणि फारच जुनीला तर मान आला. मास्तरांनी पहिल्या जाहिरातीत चौदा लाख लिहायला लावले. मी म्हटलं, मास्तर, कोण देणार चौदा? ते खूश होऊन म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

पण आला एक. कुरुनेगलचा नारळाचा व्यापारी. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "वा! डॅशबोर्ड अगदी मूळचा आहे हो."

"मूळचा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"शंभर टक्के. चला, साडेतेरा देतो. आत्ता."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आत शिलाई मशीनचा आवाज थांबला होता, म्हणजे बाई ऐकत होत्या. मास्तरांनी घसा साफ केला. "सोळा."

"अहो, आत्ता तर चौदा म्हणत होतात!"

"तेव्हा डॅशबोर्डचं मला कुठे माहीत होतं?"

व्यापारी तणतणत गेला. मास्तरांना मात्र गुरुकिल्ली सापडली. गिऱ्हाईक ज्या गोष्टीचं कौतुक करेल तिचे पैसे वाढवायचे, आणि ज्या गोष्टीला नावं ठेवेल तिचेही. एकाने मागच्या सीटखालच्या भोकावर बोट ठेवलं. त्या भोकातून खालचा पोर्च दिसायचा. मास्तर शांतपणे म्हणाले, "मूळचं आहे." या गाडीला वळायचा इशारा द्यायला दाराच्या खांबातून वीतभर लांब पत्र्याचा हात बाहेर येतो. तो एकदा आला की आत जायचं नाव घेत नसे. त्याने पोस्टमनची टोपी पाडली होती. त्याचे मास्तरांनी पन्नास हजार लावले. "स्वभाव आहे गाडीला," म्हणाले.

अशी ती सोळाची वीस झाली, विसाची चोवीस. याचा त्रास बाकीच्यांना झाला. म्हणजे मला झाला. रफीक नानांचं बाजारात खिळे-पत्र्याचं दुकान आहे. त्यांची एक फोक्सवॅगन अकरा वर्षं फणसाखाली उभी होती आणि तिच्यात एक कोंबडी पिल्लं काढत असे. नाना एक दिवस माझ्याकडे आले.

"लिही रे. फोक्सवॅगन, अठरा लाख."

"नाना, तिला इंजिन नाही."

"माहितीये की. मास्तरांची चोवीस. इंजिनाचे सहा वजा केले. वजाबाकी मास्तरांनीच शिकवलीये ना आपल्याला?"

"आणि कोंबडी?"

"कोंबडी वेगळी," नाना म्हणाले.

नानांचं बघून डोंगराकडच्या रस्त्यावरच्या दोघांनी आपापल्या खटाऱ्यांवरचं गवत उपटलं आणि वीस-वीस लाख मागायला लागले. अख्ख्या मावनेल्लाचा भाव एका माणसाने चढवला होता, आणि त्या माणसाला गाडी विकायचीच नव्हती. हे मला केव्हाच कळलं होतं. दुकानात जाता-येता मी बघायचो ना. मास्तर काचा वर करून गाडीत बसलेले असायचे. शेजारच्या सीटवर शेंगदाण्याची पुडी, मांडीवर पेपर. चावी लावलेली नसायची. मी एकदा काचेवर टकटक केली. त्यांनी काच चार बोटं खाली घेतली.

"काय करताय मास्तर आत?"

"काही नाही," ते म्हणाले. "इथे काही करावं लागत नाही." आणि काच वर.

एप्रिलचं सिंहली नवं वर्ष झालं आणि कोलंबोहून इलंगकोनबाई आल्या. दातांच्या डॉक्टर होत्या, साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले. माझ्या दुकानात पत्ता विचारला म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांनी गाडीचं कौतुक केलं नाही की नावं ठेवली नाहीत. टायरवर हलकेच पाय मारला आणि विचारलं, "पेपरात तीस लाख आहे ना?"

"बत्तीस," मास्तर सवयीने म्हणाले.

"बरं."

मास्तर दचकले. "म्हणजे, नंबरात जुन्या पाट्यांवरचं 'श्री' अक्षर आहे. तो धरून पस्तीस."

"बरं."

खिडकीत आठही पोरी जमल्या. आत सीलावतीबाईंनी चहाचं आधण ठेवल्याचं भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. फारच आनंदी भांडी वाजत होती.

"अडतीस," मास्तर म्हणाले. आवाज चिरकला.

"बरं."

"चाळीस!"

"बरं म्हटलं ना."

मास्तर गाडीच्या बंपरवर टेकले. घाम फुटला होता. कॉपी करताना धरलेल्या पोरासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इलंगकोनबाईंकडे. "अहो, तुम्ही घासाघीस का करत नाही?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "माणसाने काहीतरी रीत पाळावी!"

तेवढ्यात सीलावतीबाई आल्या. हातात ट्रे, त्यात कोरा चहा, गुळाचे खडे आणि नव्या वर्षाचे उरलेले गोड वडे. "ठरलं का?" त्यांनी हसत विचारलं.

मास्तर उठले. दोन्ही हात त्यांनी गाडीच्या टपावर ठेवले. "सीला, मला ही विकायची नाही."

"काय?"

"कधीच नव्हती विकायची."

"मग चार वर्षं तो पेपर? ती किंमत?"

"कोणी देणार नाही अशी किंमत शोधत होतो. लोक द्यायला तयार होतात, मी काय करू?"

मग इलंगकोनबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, मला तरी कुठे घ्यायचीय? माझ्याकडे अशा तीन आहेत. मुलगा म्हणतो, आई, विकून टाक. म्हणून फिरते आणि कोण किती म्हणतं ते ऐकते. घरी जाऊन चाळीस सांगितलं की तो म्हणेल, थांब, अजून वाढू दे."

"म्हणजे तुमच्याकडे पैसे नव्हते?"

"एवढे? छे हो!"

"मग बरं, बरं काय करत होतात?" मास्तर खरोखर दुखावले. "अशाने बाजार बिघडतो, बाई."

इलंगकोनबाईंनी तीन गोड वडे खाल्ले, मास्तरांची दाढ मोफत तपासली, किडलीये म्हणून सांगितलं आणि गेल्या.

सीलावतीबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मास्तर गाडीतच बसून राहिले. जेवणाचं ताट बॉनेटवर ठेवलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई बाहेर आल्या, डावीकडचं दार उघडून आत बसल्या आणि दार लावून घेतलं. मास्तर घाबरले. बाईंनी पेपरचं मधलं पान काढून घेतलं आणि वाचायला लागल्या. पान वाचून संपवलं आणि म्हणाल्या, "बरं आहे की इथे. कोणी काही विचारत नाही."

मास्तरांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

"पण विकायची नाही ना? मग चालवायची," बाई म्हणाल्या. "गुरुवारी कँडीला. मला कापड आणायचंय. आणि पोरींची सोय दुसरीकडे करा."

सोय माझ्या माळ्यावर झाली. आता दिवसभर माझ्या डोक्यावर आठ मशिनं चालतात. रफीक नाना रागावले ते वेगळंच. जाहिरात बंद झाल्यावर ते येऊन म्हणाले, "मास्तर आकडा सांगत नाहीत. आता मी वजाबाकी कशातून करू?"

कँडीला जाताना कडुगन्नावचा घाट लागतो. पहिल्या गुरुवारी मॉरिस तीनदा उकळली. मागे बसगाड्यांची रांग, कंडक्टर लटकून काय काय बोलत होते. मास्तर शिक्षकच ते, खाली उतरून एकेकाला उत्तर देत बसले. दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी बाई घाटातच म्हणाल्या, "उतरा. तुम्हाला येत नाही."

त्या गाडी शिकायला लागल्या. वय एकसष्ट. मास्तर रोज गेटपाशी उभं राहून सूचना द्यायचे आणि बाई रोज त्यांच्या चपलेच्या अगदी जवळून गाडी न्यायच्या. परीक्षेत बाई पहिल्या खेपेला पास झाल्या. मास्तरांना त्यासाठी पाच खेपा लागल्या होत्या. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी सगळ्यांना सांगितलं.

गेल्या गुरुवारी मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा गाडी समोरून आली. बाई पुढे, काळा चष्मा लावून. शेजारच्या सीटवर कँडीच्या दुकानात परत करायचं कापड. मास्तर मागे, मांडीवर त्याच कापडाचे उरलेले गठ्ठे, हनुवटीपर्यंत. त्यातून ओरडत होते, "गिअर! सीला, गिअर!" मी हात केला. बाईंनी हॉर्न दिला. मास्तरांना हात वर करायला जागा नव्हती.