घरी पोचवलेलं कौतुक

चि. रेवा आणि निषाद,

रेवा, सहकाऱ्यांच्या चांगल्या कामाची दखल घ्यायची योजना आखण्याचं काम तुझ्याकडे आलंय आणि तू विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी काय होतं?" आमच्या वेळी निरोप्या होते. निषाद, तूही वाच.

अंधेरीच्या औषध कंपनीत ते माझे साहेब, पर्सोनेल मॅनेजर. कुणी चांगलं काम केलं की त्याला काही न बोलता ते सरळ त्याच्या घरी फोन लावत. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना निरोप्या म्हणत. "बाई," ते मला म्हणायचे, "ऑफिसातल्या टाळ्या ऑफिसातच राहतात. घरी सांगितलं की माणसाला कौतुक ताटात वाढून मिळतं."

नुसतं 'हुशार आहे' त्यांना चालत नसे. काय केलं ते नेमकं सांगायचं. एकदा पॅकिंगमधल्या कांबळेने चुकीचं लेबल लागलेला माल बाहेर पडण्याआधी थांबवला. साहेबांनी घाटकोपरला त्याच्या आईला फोन केला. ऑफिसातून फोन म्हटल्यावर ती घाबरलीच. "काय केलं हो माझ्या पोरानं?" दुसऱ्या दिवशी कांबळे कुरकुरत आला. "साहेब, आई चाळभर सांगत सुटलीय. सगळे मला लेबलवाला म्हणतात ना!" चेहरा मात्र फुललेला.

साहेब स्वतः मुलुंडला एकटे राहत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. डबा खाताना वर्तमानपत्र समोर धरत, म्हणजे कुणी कीव येऊन शेजारी बसायला नको.

मग वरच्या जागांवर नवे लोक आले. भिंतीवर स्क्रीन लागला, चांगल्या कामाचे मोबाइलवर गुण जमू लागले, गुणांवर कूपनं. घरी फोन करणं म्हणजे खासगी गोष्टीत ढवळाढवळ ठरली. "त्यांचंही बरोबर असेल," म्हणून साहेबांनी फोन बंद केले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. स्क्रीनवर फोटो झळकला, हातात काचेची ट्रॉफी आली. लिफ्टपाशी मला म्हणाले, "बाई, हे घरी नेऊन दाखवू कुणाला?"

संध्याकाळी मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय," मी म्हटलं. "एक खातं बंद झालं तेव्हा त्यांनी तिथल्या प्रत्येकाला दुसरीकडे सामावून घेतलं, एकालाही घरी पाठवलं नाही. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. म्हणून फोन केला."

मग ते म्हणाले, "सांगतो हं त्याला. आत्ताच घरी आलाय."

साहेब जाऊनही आता काही वर्षं झाली. ती कंपनी उठून दुसरीकडे गेली. इथे बोरिवलीत माझेही दिवस हल्ली फार लांब होतात. कांबळे गोरेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो त्याच्या माणसांच्या घरी अजून फोन करतो. आधी त्यांना विचारतो, एवढाच फरक.