सातव्या खेपेला मिळालेलं नाव

दीड महिना होऊन गेला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी होते, फोन वाजला, पाहिलं तर 'आवारी सर'. दोनच दिवसांपूर्वी सरांनी माझ्या कामाखाली आपलं नाव दिलं होतं, वर्षभर रडवून दिलं होतं, आणि मी अजून साधा आभाराचा फोनही केला नव्हता. म्हणून उचलल्या उचलल्या चेष्टेनं म्हटलं, "काय सर, दिलेलं नाव परत घेताय की काय?" पलीकडे सर नव्हतेच. काकू होत्या. शकूकाकू, सरांच्या मिसेस. म्हणाल्या, "वैशाली, सर गेले गं. सकाळी चहा घेतला, वाईच पडतो म्हनले... आन् गेले." माझ्या मागचा माणूस म्हणत होता, मॅडम, पुढं सरका. मी रांगेतून बाहेर आले आणि जिन्यात बसले. पोहे राहिले ते राहिलेच.

आवारी सर कोण, हे त्यांच्या गावातसुद्धा नीट कुणाला सांगता यायचं नाही. अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढं डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आणि गावी येऊन भात लावायला लागले, एवढं लोकांना माहीत. 'मास्तर दिवसभर मेल वाचतो' असंही म्हणायचे. खरं तर सर एका अशा ऑपरेटिंग सिस्टिमचे पहारेकरी होते जी जगभरातले लोक मिळून फुकट लिहितात आणि जी तुमच्या-आमच्या फोनपासून मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांपर्यंत सगळीकडे चालते. तिच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचा कुठलाही प्रोग्राम असो, त्याला काही हवं असलं की या गाभ्याकडे मागावं लागतं, आणि ते कसं मागायचं याची एक ठरलेली, जाहीर रीत असते. सरांचं काम त्या रितीवर लक्ष ठेवायचं. कुणी नवी रीत सुचवली की ती ओळ न् ओळ वाचायची आणि चुका काढायच्या. पगार नाही, मानधन नाही. सगळं मेलवर चालायचं, साध्या मजकुराच्या मेलवर, त्यामुळे रेंजची एक काडी असली तरी सरांचं भागायचं.

माझी त्यांची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतची, पुण्यात नोकरी. आमची कंपनी शेतातल्या मोटारी आणि व्हॉल्व्ह चालवणारी छोटी यंत्रं करते. त्यांच्यावरच्या सगळ्या सेन्सरांची मोजमापं गाभ्याकडून एका झटक्यात मागता यावीत अशी एक नवी रीत मी लिहिली आणि गाभ्यात करायचा बदल म्हणून मेलिंग लिस्टवर पाठवली. लिस्ट म्हणजे चव्हाटाच, तिथं पाठवलेलं जगातल्या कुणालाही वाचता येतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, अकरा आक्षेप, खाली नाव आवारी. आडनाव पाहून शोध घेतला तर माणूस आपल्याच जिल्ह्यातला! मला वाटलं, चला, काम झालं. आपल्याकडं तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळीकडं पहिला प्रश्न एकच असतो, आपलं कोण आहे तिथं? मी लिस्ट बाजूला ठेवून त्यांना खासगीत, मराठीत, चांगलं लांबलचक पत्र लिहिलं. मी पण नगरचीच, कंपनीत जरा घाई आहे, तेवढं सांभाळून घ्या, वगैरे. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरं लिस्टवर, सगळ्यांदेखत दिली. आणि मला वेगळी एक ओळ मराठीत पाठवली, "जेवायला कधीही या, पण बदलाचं बोलणं लिस्टवरच." अशी लाज वाटली की विचारू नका. आठवडाभर मी लॅपटॉपमधली ती मेल पुन्हा उघडलीसुद्धा नाही.

मग सुरू झाल्या खेपा. आपण बदल पाठवायचा, समोरच्यानं चुका काढायच्या, आपण दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, तीच दुसरी खेप. वाचणाऱ्याचं पूर्ण समाधान झालं की तो 'मी तपासलं' अशी एक ओळ आपल्या नावानं लिस्टवर देतो, आणि ती ओळ त्या बदलाबरोबर कायमची गाभ्याच्या इतिहासात जाते. ती मागायची नसते, आणि दुसऱ्याच्या वतीनं लिहायची तर नसतेच नसते. तीन खेपा झाल्या, चार झाल्या, ऑफिसात माझा साहेब रोज विचारायचा, तुमच्या गाववाल्यांचं झालं का? चौथ्या खेपेला सर एका गोष्टीवर अडून बसले. मोजमापं मागताना प्रोग्रामनं गाभ्याला जो तक्ता भरून द्यायचा, त्यात पुढंमागं लागतील म्हणून मी चार रकाने मोकळे ठेवलेले होते. सरांचं म्हणणं, ते रकाने प्रोग्रामनं शून्य भरून पाठवलेत का हे गाभ्यानं तपासावं, आणि नसतील तर सरळ परत पाठवावं. मी म्हटलं, अहो, जे वापरातच नाही त्यात कोण कशाला काय भरेल? सर म्हणाले, भरतील. मी म्हटलं, नाही भरणार. असं तीन आठवडे. शेवटी डोकं फिरलं आणि एका शनिवारी मी अकोल्याची एस.टी. पकडली. जेवायला या म्हणाले होते ना, मग आले!

पुढचा टप्पा जीपनं. सर फाट्यावर घ्यायला आले होते, पायजमा, बनियन, खांद्यावर टॉवेल. मी भांडायच्या तयारीनं गेलेली आणि हे मला वाटेत खाचरं दाखवतायत, हा इंद्रायणी, हा काळभात, इथं यंदा खेकड्यांनी बांध पोखरला. काकूंनी भात, कालवण आणि नाचणीची भाकरी वाढली. जेवण होईपर्यंत कामाचा शब्द नाही. मग सरांनी मला ओसरीवर बसवलं आणि समोरच्या घराकडं बोट केलं. त्या घराच्या स्लॅबवर सळया वर आलेल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. सर म्हणाले, "बघ, काय काय बांधलंय त्याला." पाहिलं तर दोन सळयांना कपड्यांची दोरी, एकीला डिशची छत्री, एकीला कुणाच्या तरी मांडवाची दोरी. सर म्हणाले, आता उद्या याला मजला चढवायचा म्हटला की आख्खी आळी ओरडेल, आमचे कपडे कुठं वाळत घालू. आणि गाभ्याचा नियम तर त्याहून कडक. जे कालपर्यंत चाललं ते उद्याही चाललंच पाहिजे. आपण कुणाची दोरी सोडू शकत नाही.

मला पटलं होतं, पण मी कसली कबूल करतेय. म्हटलं, हे सगळं पुस्तकी झालं, खरंच कुठं असं घडलंय का? सर उठले, आतल्या खोलीत भाताच्या पोत्यांना लागून त्यांचं टेबल होतं, तिथून लॅपटॉप घेऊन आले आणि गाभ्यातली एक जुनी फाईल उघडली. तिथं एका रकान्यापुढं टीप होती, 'हा रकाना वापरू नका, कधीच वापरता येणार नाही.' पुढं कारण, आणि ही चूक तपासताना आवारी यांच्या लक्षात आली नाही, असं स्वतः आवारींनीच लिहिलेलं! बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनीच कुणाचा तरी बदल शून्य न तपासता पुढं जाऊ दिला होता. काही वर्षांनी तो रकाना वापरात आणला, आणि दुसऱ्याच महिन्यात परक्या मुलखातल्या एका माणसाची मेल आली, की माझं हवामान मोजायचं यंत्र बंद पडलंय. त्याचा प्रोग्राम त्या रकान्यात इतकी वर्षं कचरा पाठवत होता आणि कुणी अडवलं नव्हतं. नवी सोय मागं घ्यावी लागली. सर म्हणाले, "त्याची काहीच चूक नव्हती गं. आपण चालू दिलं, म्हणून त्यानं केलं." लोक भिंतीवर सत्काराचे फोटो लावतात, या माणसानं आपली चूक जगाला दिसेल अशी लिहून ठेवली होती. माझा राग कुठं गेला ते मला कळलंच नाही. परतीच्या एस.टी.त मी पाचवी खेप लिहायला घेतली.

पाचवीत आणखी चार गोष्टी निघाल्या, सहावीत एक. आता मला त्याची मजा यायला लागली होती, खरंच. सरांची मेल आली की मी आधी चहा घ्यायची आणि मग उघडायची. त्यांनी कधी 'हे चूक आहे' असं लिहिलं नाही. 'इथं कुणी असं केलं तर काय होईल?' एवढंच विचारायचे, आणि उत्तर शोधता शोधता आपणच कपाळावर हात मारायचा. सातव्या खेपेला कसलाच प्रश्न आला नाही. नुसती एक ओळ, तपासलं, आणि खाली नाव. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचले. साहेबाला वाटलं मला दुसरी नोकरी लागली. आणि दोन दिवसांनी तो फोन...

दशक्रियेला गेले. सगळं आटोपल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. लॅपटॉप बंद करून त्यावर रुमाल घातलेला. काकूंनी विचारलं, सर शेवटी-शेवटी तुझंच काम वाचत हुते ना, त्याच्यात त्यांचं नाव ऱ्हाईल का? मी म्हटलं, राहील काकू, कायमचं राहील, जिथं जिथं ही सिस्टिम चालेल तिथं राहील. काकूंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी शब्द देऊन आले.

पुढच्याच आठवड्यात लिस्टवर एक मेल आली. परदेशातल्या एका बाईची, तिचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिनं फार नम्रपणे लिहिलं होतं, की तुमच्या तक्त्यात एका लहान रकान्यानंतर मोठा रकाना येतो, तिथं यंत्र स्वतःहून मधे चार घरांची फट सोडतं, ती फट कुणी पुसत नाही, आणि गाभ्यातली आतली माहिती त्या फटीतून बाहेरच्या प्रोग्रामला दिसू शकते. मी तीनदा वाचलं. बाईचं बरोबर होतं. माझ्या नजरेतून सुटलं होतं, आणि सरांच्याही. मला पहिल्यांदा तिचा रागच आला, खोटं कशाला बोलू. चार दिवस थांबली असतीस तर सरांच्या नावासकट बदल गाभ्यात गेला असता, काय बिघडलं असतं, असं मनात आलं. मग दुरुस्ती केली. रकाने नव्यानं मांडले, फट बंद झाली, तासाभराचं काम. पण तक्ता बदलला होता. आणि रिवाज असा, की तपासून झाल्यावर मूळ मांडणी बदलली तर आधीच्या तपासणाऱ्याचं नाव काढायचं आणि त्याला पुन्हा विचारायचं. इथं विचारायचं कुणाला?

गाभ्याच्या ज्या भागात माझा बदल जायचा, त्याचा प्रमुख भला माणूस. त्यानं आपणहून लिहिलं, बदल बारीक आहे, नाव राहू द्या, कुणाचीही हरकत नाही, सर्वांना ते राहावं असंच वाटतं. म्हणजे दार उघडं होतं. आठवी खेप तयार करून मी चार दिवस तशीच ठेवली. उघडायची, सरांच्या नावाची ओळ बघायची, बंद करायची. काकूंचा हात आठवायचा. वर्षभर ज्या एका ओळीसाठी मी धावले ती मलाच पुसायची? स्वतःला समजावलं, की सर असते तर त्यांनी ही मांडणीही पाहून मंजूरच केली असती. केली असती, नक्कीच. पण वाचून केली असती. न वाचता नसती केली, आणि हा तक्ता त्यांनी वाचलेला नव्हता. पाचव्या दिवशी मी ती ओळ काढली. बटण दाबताना रडले, सरळ रडले, शेजारच्या टेबलावरची पोरं बघत होती तरी. आठवी खेप त्या परदेशी बाईनं वाचली आणि तिच्या 'मी तपासलं' या ओळीनं गाभ्यात गेली.

काकूंना फोनवर सांगणं जमेना. गेल्या रविवारी जाऊन आले. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, ती बाई, ती फट, तो रिवाज. तांत्रिक किती पोहोचलं माहीत नाही, शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट सांगितलं, "काकू, नाव मी माझ्या हातानं काढलं. तुम्हाला शब्द देऊन काढलं." काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता या घराचा उंबरा आपल्याला बंद झाला. त्या बाहेर आल्या त्या हातात रेशनकार्ड घेऊन. माझ्यापुढं उघडून धरलं. वरच्या, सरांच्या नावावर आडवी रेघ होती, बाजूला शिक्का.

"मी बी परवा त्येच करून आले," काकू म्हणाल्या. "तहसीलला गेल्ते, नाव कमी करायला. अर्ज माझ्याच हातानं लिहिला. खाली तीन वळी मोकळ्या ऱ्हात हुत्या, त्यांच्यावर रेघ मारली. तिथली बाई म्हनली, आजी, कशाला, ऱ्हाऊ द्या की मोकळं. म्हनलं, न्हाई बाई. आमी मोकळं सोडीत नसतो."